एबी स्विच: डिझाइनमधल्या आणि उभारणीतल्या या चुका टाळा

११ केव्हीच्या लाईनवर, ट्रान्सफॉर्मरच्या आधी, दोन खांबांमधल्या आडव्या चॅनलवर तीन पात्यांचा एबी (एअर ब्रेक, म्हणजे हवेत उघडणारा) स्विच बसवलेला असतो. त्याच्यापासून एक जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप खाली येतो आणि पाइपच्या टोकाला हँडल असतं. ते हँडल ओढायला येणारा लाईनमन बहुतेक वेळा पावसात, चिखलात किंवा रात्री बॅटरीच्या उजेडात येतो, तेही लाईनवर काहीतरी बिघडलेलं असताना. स्विचचं ड्रॉइंग पाहिलं तर इन्सुलेटर आणि कॉन्टॅक्टचे तपशील भरपूर असतात, हँडल मात्र कोपऱ्यात एका रेघेत उरकलेलं असतं. माझं स्पष्ट मत आहे की ड्रॉइंगची सुरुवात हँडलपासून आणि तिथे उभ्या राहणाऱ्या माणसाच्या पायांपासून व्हायला हवी. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका तशी सुरुवात न केल्यामुळेच होतात.

आयसोलेटरकडून ब्रेकरचं काम करून घेणं

साधा एबी स्विच हा आयसोलेटर आहे. लाईनचा एक भाग डोळ्यांना दिसेल असा वेगळा करणं हे त्याचं काम. चालू लोड तोडणं त्याचं काम नाही आणि फॉल्टवर, म्हणजे लाईनवर बिघाड असताना, क्लोज होणं तर अजिबात नाही. १०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा ११ केव्ही बाजूचा फुल लोड करंट सव्वापाच अँपिअरच्या आसपास असतो, नो-लोड करंट त्याचा अगदी छोटा अंश. नो-लोड करंट हॉर्नवर, म्हणजे कॉन्टॅक्टपाशी शिंगांसारख्या बसवलेल्या सळ्यांवर, सहज तुटतो. खाली सगळ्या विहिरींवरचे पंप चालू असताना पातं ओढलं तर ठिणगी लांबत जाते, वारा तिला शेजारच्या फेजकडे ढकलतो आणि मग ते प्रकरण सव्वापाच अँपिअरचं राहत नाही. ५ एमव्हीएचा, ७.१५ टक्के इम्पिडन्सचा ट्रान्सफॉर्मर असलेल्या उपकेंद्राच्या ११ केव्ही बसबारवर थ्री-फेज फॉल्टचा करंट साधारण ३.७ किलोअँपिअर येतो. उपकेंद्राजवळच्या खांबावर त्यातला बराचसा वाटा पोहोचतो.

नियम सगळ्यांना पाठ असतो: आधी एलटीचा (ट्रान्सफॉर्मरच्या कमी व्होल्टेजच्या बाजूचा) मेन काढायचा, मग एबी स्विच. पण एलटीच्या पेटीत ब्रेकर जळालेला असतो, किटकॅट फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळलेली असते आणि मेन काढायला काही शिल्लकच नसतं. अशा डीपीवर (ट्रान्सफॉर्मरच्या जोडखांबावर) लाईनमन नाइलाजाने लोडवरच पातं ओढतो. डिझाइन करणाऱ्याने हे गृहीत धरायला हवं. एलटी बाजू खात्रीने बंद करता येत नसेल, किंवा लांब फीडरचा (उपकेंद्रातून निघणाऱ्या लाईनचा) मधला भाग वेगळा काढायचा असेल, तर तिथे आयईसी ६२२७१-१०३ प्रमाणे तपासलेला लोड ब्रेक स्विच लावावा. त्यातली स्प्रिंग पात्याचा वेग स्वतः ठरवते, हँडल हळू ओढलं की जोरात यावर तो वेग अवलंबून नसतो.

साध्या स्विचवरही हॉर्न नीट असणं महत्त्वाचं. क्लोज होताना हॉर्न आधी टेकले पाहिजेत आणि ओपन होताना शेवटी सुटले पाहिजेत. ठिणगी तापून वर सरकते म्हणून हॉर्नची टोकं वर आणि एकमेकांपासून लांब जाणारी हवीत. उभारणी करताना हॉर्न वाकले आणि ते तसेच राहिले, तर ठिणगी मुख्य कॉन्टॅक्टवर बसते. वरून स्विच नवा दिसतो, पण त्याचा जबडा, म्हणजे पातं ज्यात बसतं तो कॉन्टॅक्ट, आतून खाल्ला जातो.

गॅप इन्सुलेटरपेक्षा कमजोर ठेवणं

११ केव्हीच्या सिस्टिमसाठी १२ केव्ही रेटिंगचा स्विच घेतला, तर त्याला जमिनीच्या दिशेने ७५ केव्हीचा इम्पल्स (वीज पडल्यासारखा क्षणिक धक्का) सोसायचा असतो, पण ओपन पात्यांमधल्या गॅपला ८५ केव्हीचा. एक मिनिटाच्या टेस्टला हेच आकडे २८ आणि ३२ आहेत. ३३ केव्हीच्या लाईनला लागणाऱ्या ३६ केव्ही स्विचसाठी ते १७० आणि १९५, तसेच ७० आणि ८० आहेत. गॅपकडून जास्त मागण्यामागे कारण आहे. जवळपास वीज पडून लाईनवर सर्ज (व्होल्टेजची उसळी) आला, तर तो खांबावरून जमिनीत उतरला पाहिजे. गॅप ओलांडून पलीकडे, जिथे माणूस काम करतोय तिथे, तो पोहोचता कामा नये.

कोकणात ही गोष्ट हमखास सुटते. खारी हवा आहे म्हणून क्रीपेज (इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर) वाढवायचं ठरतं. जास्त प्रदूषणासाठी दर केव्हीला २५ मिलिमीटर, म्हणजे १२ केव्हीला ३००, आणि अति प्रदूषणासाठी ३१ मिलिमीटर, म्हणजे ३७२. हे योग्यच आहे. पण त्यासाठी नुसते उंच इन्सुलेटर आणून जुन्याच फ्रेमवर चढवले, पात्याची लांबी आणि उघडण्याचा कोन तोच ठेवला, तर जमिनीकडचं इन्सुलेशन भक्कम होतं आणि गॅप तुलनेने दुबळा पडतो. सर्ज नेमका नको तिथून उडी मारतो. इन्सुलेटर बदलला की गॅपचा हिशोब पुन्हा करायचा. तसाच प्रकार पाइपचा स्ट्रोक अपुरा पडल्यावर होतो: हँडल पूर्ण खाली येतं आणि पातं अर्ध्यावर थांबतं.

इन्सुलेटरच्या जातीचंही सांगून ठेवतो. पिन इन्सुलेटर लाईनची तार पेलायला बनवलेला असतो. दरवेळी पात्याचा धक्का आणि आडवा ताण घेण्यासाठी सॉलिड कोअर पोस्ट इन्सुलेटरच लागतो. पिनवर उभारलेला स्विच काही काळाने कलतो आणि पातं जबड्यात तिरपं जायला लागतं.

दोन पाती उघडली, तिसरं अडकलं

तीनही पाती एकाच आडव्या पाइपवर फिरतात, पण प्रत्येक पात्याचा क्लॅम्प त्या गोल पाइपवर नुसता आवळलेला असतो. गंज चढला, नट ढिला पडला की एक क्लॅम्प पाइपवर घसरतो. हँडल खाली, दोन पाती वर आणि एक जबड्यातच.

अनेकांचा समज असतो की उघडलेले दोन फेज तरी मेले. ते मेलेले नसतात. ट्रान्सफॉर्मरची ११ केव्ही बाजू डेल्टात (तीनही वाइंडिंग त्रिकोणात) जोडलेली असते. एक फेज जिवंत राहिला की त्याचा व्होल्टेज वाइंडिंगमधून उरलेल्या दोन तारांवर येतो आणि स्विचच्या पलीकडच्या तिन्ही तारा जमिनीच्या मानाने जवळजवळ ६.३५ केव्हीवर राहतात. गॅप उघडा दिसत असलेल्या तारेला हात लावणारा माणूस या मार्गाने मरू शकतो.

डिझाइनमध्ये यावर उपाय सोपा आहे. क्लॅम्पमधून आणि पाइपमधून आरपार बोल्ट घाला, किंवा गोल पाइपऐवजी चौकोनी शाफ्ट वापरा, म्हणजे घसरायला जागाच उरत नाही. सप्लायची बाजू जबड्याला जोडा आणि पातं ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला ठेवा, म्हणजे ओपन झाल्यावर हलणारा भाग सप्लायपासून सुटलेला राहतो. पातं स्वतःच्या वजनाने, वाऱ्याने किंवा पाइपला धक्का लागून जागचं हलता कामा नये, असं आयईसी ६२२७१-१०२ सांगतं. त्यासाठी टॉगल (पातं हलवणारी सांध्याची जोडणी) डेड सेंटरच्या, म्हणजे तिचे दांडे एका रेषेत येतात त्या बिंदूच्या, पुढे गेला पाहिजे. पाइप दोरीने किंवा बाइंडिंग तारेने खांबाला बांधलेला दिसला, तर तो टॉगल तिथपर्यंत पोहोचत नाही असं समजावं. आणि डिझाइन कितीही चांगलं असलं तरी तीनही गॅप डोळ्यांनी मोजायचे, मग लाईन जिवंत आहे का ते दाखवणारा डिटेक्टर लावायचा, मग लाईन अर्थला जोडणारा डिस्चार्ज रॉड. रॉडची अर्थची बाजू आधी जोडायची, लाईनची नंतर. काढताना उलट.

हँडलची अर्थिंग: दोन वेगळी कामं

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत, म्हणून जरा थांबून बघू.

समजा, हँडल ओढताना वरचा एक इन्सुलेटर फुटला आणि फेज थेट चॅनलवर आला. चॅनल, पाइप, हँडल सगळं एकमेकांना जोडलेलं. अर्थिंगचा रेझिस्टन्स १०० ओहम असेल, तर फॉल्टचा करंट फार तर ६३ अँपिअर. उपकेंद्रात ४०० अँपिअरचा सीटी (करंट मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) असेल आणि अर्थ फॉल्ट रिले (जमिनीत करंट गेला की ब्रेकर पाडणारं उपकरण) २० टक्क्यांवर सेट असेल, तर त्याला हलायला ८० अँपिअर लागतात. रिले गप्प बसतो, फीडर चालूच राहतो आणि हँडलवर जवळजवळ सगळे ६.३५ केव्ही तसेच टिकून राहतात. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडल्या आणि पाइपाभोवतीची माती सुटली, किंवा कोकणात जांभ्याच्या कातळावर इलेक्ट्रोड जेमतेम हातभर गेला, की रेझिस्टन्स इथपर्यंत सहज चढतो.

मग अर्थिंग सुधारून ५ ओहमवर आणली. आता करंट हजार अँपिअरच्या घरात जातो आणि रिले पटकन ट्रिप करतो. हे पहिलं काम झालं. पण हजार अँपिअर गुणिले ५ ओहम म्हणजे ५००० व्होल्ट. ट्रिप होईपर्यंतच्या त्या क्षणात हँडल अजूनही हजारो व्होल्टवरच आहे. अर्थिंगचा खड्डा हँडलपासून चार-पाच मीटर लांब असेल, तर माणसाच्या हाताला तो व्होल्टेज मिळतो आणि पायाला जवळजवळ काहीच नाही. सगळा फरक त्याच्या अंगावर पडतो. म्हणजे ओहमचा आकडा कितीही छान आला तरी हँडलपाशी उभा असलेला माणूस त्याने सुरक्षित झाला असं होत नाही.

दुसरं काम आहे हात आणि पाय एकाच व्होल्टेजवर ठेवण्याचं. माणूस जिथे उभा राहणार तिथेच जमिनीत कमी खोलीवर जीआय पट्टीची जाळी गाडायची, किंवा वर लोखंडी ग्रेटिंगचा छोटा प्लॅटफॉर्म ठेवायचा, आणि तो दोन ठिकाणी हँडलला व खांबाच्या अर्थिंगला जोडायचा. विजेच्या तारेवर बसलेल्या पक्ष्याला काही होत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच व्होल्टेजवर असतात. इथेही तेच साधायचं असतं. जाळीवर आणि तिच्या कडेने सभोवार दहा-पंधरा सेंटिमीटर जाडीची खडी पसरावी. खडी ओली झाली तरी तिचा रेझिस्टन्स मातीपेक्षा बराच जास्त राहतो आणि जाळीवर चढता-उतरताना पायाखालचा फरक कमी जाणवतो. खडीत माती भरली आणि गवत उगवलं की तिचा उपयोग संपतो.

उभ्या पाइपमध्ये मध्यावर इन्सुलेटरचा तुकडा घालणं चांगलं, पण तो असला म्हणून खालच्या भागाची अर्थिंग सोडून द्यायची नाही. धूळ आणि पावसाने तो तुकडा भिजला की त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. हँडलवर रबराची नळी चढवणं मात्र बंदच करावं. उन्हात ती तडकते, आणि तोवर माणसाला खोटा धीर देत राहते.

पाइप फिरतो, म्हणून त्याला अर्थला जोडणारी वेणी लवचिक लागते. ती बहुधा तांब्याची असते आणि चोरीला जाते. जोड सुटा ठेवू नये, डोकं तुटून पडणारे बोल्ट वापरावेत, आणि दर तपासणीत आधी वेणी बघावी, मग वर मान करावी.

लक्षण दिसलं तर कुठे बघायचं

एकच फेज रात्री लालसर दिसतो किंवा जंपर (लाईनपासून स्विचला जोडणारी तार) तिथेच पुन्हा पुन्हा तुटतो: कॉन्टॅक्टचा रेझिस्टन्स वाढलाय. २०० अँपिअरला १०० मायक्रोओहमवर ४ वॅट उष्णता होते, रेझिस्टन्स एक मिलिओहम झाला की ४० वॅट. स्प्रिंग गरम होते, तिचा ताण जातो, दाब कमी होतो आणि रेझिस्टन्स आणखी वाढतो. नुसता नट आवळून हे चक्र थांबत नाही, स्प्रिंग आणि जबडा बदलावा लागतो. बदलल्यावर मायक्रोओहम मीटरने तीनही फेज मोजून एकमेकांशी ताडून बघा.

टर्मिनलवर पांढरी किंवा हिरवट भुकटी: स्विचचं टर्मिनल तांब्याचं किंवा पितळेचं आणि लाईनची तार अॅल्युमिनियमची, रॅबिट किंवा वीझल जातीची. दोन्ही थेट भिडले की दमट हवेत अॅल्युमिनियम झिजतं. बायमेटल क्लॅम्प लावा. शक्य असेल तिथे अॅल्युमिनियम वर आणि तांबं खाली ठेवा, कारण तांब्यावरून ओघळलेलं पाणी अॅल्युमिनियमला खातं.

हँडल जड झालंय: पाइपला झोल आलाय, खांब कललाय किंवा बेअरिंगमध्ये गंज आहे. साधं ग्रीस भरून भागत नाही, धूळ बसून ते घट्ट होतं. जड हँडलला लांब पाइप लावून ओढण्याची सवय फार वाईट. तेवढ्या जोराने क्लॅम्प घसरतो आणि वर सांगितलेलं अडकलेलं पातं तयार होतं.

पावसाच्या पहिल्या सरीला चरचर आवाज आणि निळसर ठिणग्या: इन्सुलेटरवर मळ साचलाय. किनाऱ्यावर मीठ, चंद्रपूरकडे कोळशाची राख आणि सिमेंटची धूळ, ऊसपट्ट्यात पाचट जाळल्याची काजळी. मे महिन्यातच लाईन बंद घेऊन पुसून घ्या.

कुलूप आणि नंबर

हँडलला ओपन आणि क्लोज अशा दोन्ही स्थितींत कुलूप लागेल अशी छिद्रं हवीत. ओपनच्या जागी दोन कुलपं मावली पाहिजेत, म्हणजे दोन गँग काम करत असतील तर दोघांचंही कुलूप पडतं आणि एकाचं काम संपलं म्हणून दुसऱ्याच्या डोक्यावर लाईन चार्ज होत नाही. कुलपाच्या जागी तार पिळलेली असेल, तर ते हँडल गावातला झिरो वायरमनही (अधिकृत नसलेला वायरमन) ओढतो आणि पंप बंद पडलेला शेतकरीही.

गावठाण आणि शेतीचे फीडर वेगळे झाल्यापासून एकाच खांबाच्या आसपास दोन ११ केव्ही लाईन असणं नेहमीचं झालंय. प्रत्येक हँडलपाशी डोळ्यांच्या उंचीवर फीडरचं नाव आणि स्विचचा नंबर असलेली पत्र्याची पाटी लावा, आणि परमिटवर (लाईनवर काम करायच्या लेखी परवानगीवर) तोच नंबर लिहा. पाटी पाइपला लावू नका, पाइप बदलला की पाटीही जाते. ती खांबाला बँडने आवळा.