जुना जपानी छोटा ट्रक घ्यायचाय? मीटर नंतर बघा, आधी हौदा बघा

मोबाईलवर त्या अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ बघून आपल्याकडच्या पोरांना पण चस्का लागलाय. ते जपानमधून ६६० सीसीचे इवलेसे केई ट्रक मागवतात, कारण तिकडे गाडी २५ वर्षं जुनी झाली की आणायला मोकळीक आहे. मग कोणीतरी मला विचारतंच, भाऊ तसली टोयोटाची जुनी हायलक्स पिकअप नाहीतर डॅटसन आपल्याला मागवता येईल का? नाही येत. आपल्याकडे बाहेरून वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि अगदी जुन्या विंटेज गाड्यांना जी सूट आहे तो आपल्या खिशाचा खेळ नाही. हायलक्स तर इथे अधिकृत आलीच २०२२ मध्ये.

पण जुना जपानी ट्रकच पाहिजे असेल तर तो इथेच उभा आहे, धरणगाव, चोपडा, शहादा, कुठल्यातरी कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये धूळ खात. ऐंशीच्या दशकात आपल्याकडे छोट्या ट्रकसाठी चार जपानी जोड्या जमल्या होत्या: दिल्लीवाल्यांची डीसीएम टोयोटा, पंजाबची स्वराज माझदा, हैदराबादकडची ऑल्विन निसान आणि पीथमपूरची आयशर मित्सुबिशी, जिचा कँटर १९८६ पासून निघाला. खान्देशात शेवटची सगळ्यात जास्त दिसते, आणि त्याचं कारण सोपं आहे, शिरपूर सोडलं, सेंधव्याचा घाट चढला की त्याच रस्त्याने सरळ पीथमपूर-इंदूर, म्हणजे पार्ट पण तिकडून आणि जुने हात बसलेले मिस्तरी पण तिकडचेच. लष्कराच्या लिलावातली जबलपूरला बनलेली निसानची जोंगा जीप किंवा एक टनी ट्रक पण कुठे कुठे दिसते, पण ती पेट्रोल पिते, सहा सिलिंडर, चार लिटरच्या आसपास इंजिन, हौस असेल तरच हात लावा. आणि मारुती जिप्सीला कोणी पिकअप म्हणून विकत असेल तर हसा आणि चहा पिऊन या.

मी पहिली गाडी घेतली तेव्हा फक्त मीटर बघितला होता. ४१ हजार किलोमीटर, चकाचक रंग, दलाल म्हणे "भाऊ एकदम नवी शे". घरी आणली, दोन महिन्यांत ऑईल पिऊ लागली, इंजिन खोललं तर मिस्तरीने पिस्टन फडक्याने पुसून माझ्यासमोर धरला, डोक्यावर १.०० चा शिक्का. म्हणजे एक मिलीमीटर ओव्हरसाइज, म्हणजे त्या इंजिनचं आधीच बहुतेक दोनदा बोअर झालेलं, सिलिंडर घासून मोठा केलेला. ४१ हजारात कोणाचं दोनदा बोअर होतं? मीटरला आकडेच पाच होते, ९९,९९९ झाले की परत शून्यावर, हे माझ्या टाळक्यातच आलं नाही. त्या गाडीचे ४१ म्हणजे १४१ होते की २४१ ते देवालाच ठाऊक.

तेव्हापासून मी मीटर सगळ्यात शेवटी बघतो. आधी एकच प्रश्न विचारतो, या गाडीने आयुष्यभर वाहिलं काय?

यात खरी गंमत आहे, कारण आपल्याकडे गाड्या चार-पाच प्रकारचाच माल वाहतात आणि प्रत्येक माल आपली खूण सोडून जातो. रावेर-यावलकडची केळीची गाडी असेल तर हौद्याच्या फळ्यांवर चिकाचे काळे डाग असतात, ते कितीही घासा जात नाहीत, आणि ओला पाला सतत पडून राहिल्याने फळ्यांखालचा पत्रा सडलेला असतो. वरून रंग मारला तरी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, खुट्ट आवाज आला तर ठीक, आत गेला तर उठा. खताची गाडी त्याहून वाईट. युरिया, पोटॅश पोत्यातून सांडून चासीवर बसतं, पावसाळ्यात ओलं होतं आणि लोखंड खातं, आणि ते हौद्याखाली लोळून बघितल्याशिवाय दिसत नाही. वाळूची गाडी म्हणजे तापी नाहीतर गिरणेतनं भरून काढलेली, तिचे कमानपाटे सरळ झालेले असतात, मागचा पाटा एखादा नवा आणि बाकीचे जुने असतात, चासीला मागच्या चाकाच्या जागेवर वेल्डिंगचा पॅच असतो. तिथे बाकी काही बघू नका, वेळ वाचवा.

राहिली जिनिंगवाल्याची गाडी. ही खरी कमी चाललेली मिळायची शक्यता असते. कापसाचा सीझन दिवाळीनंतर चार-पाच महिने, तेव्हा मिल ते मार्केट, मिल ते स्टेशन एवढीच फेरी, बाकी वर्षभर शेडमध्ये. वजन पण फार नाही, गाठी नेत असेल तर गोष्ट वेगळी पण सुटा कापूस म्हणजे नुसता फुगलेला माल. तिचा एकच रोग, रुई. रेडिएटरच्या जाळीत आणि एअर फिल्टरमध्ये रुईचा थर बसलेला असतो, टॉर्च मारून बघा. पण तो रोग साफ होतो, सडलेली चासी होत नाही.

आता हवामानाचं सांगतो, कारण कोकणातल्या गाड्यांवर "आधी पत्र्याचा गंज बघा" असं जे सांगतात ते इथे उलटं लागू पडतं. आपल्याकडचं ऊन पत्र्याला राखतं आणि रबराला खातं. भुसावळ-जळगावला उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात चाळीस वर्षांच्या गाडीचा दरवाजा अजून कारखान्यातल्या पत्र्याचा असू शकतो, पण काचेचं रबर, डॅशबोर्ड, होसपाईप, ब्रेकचे वायसर, सील, सगळं कडक होऊन तडकलेलं असतं. म्हणून दरवाजाच्या खालच्या कडेला गंज नाही हे बघून हुरळून जाऊ नका, होसपाईप बोटांनी दाबून बघा, दाबल्यावर बारीक चिरा दिसल्या तर ते सगळं बदलायचा खर्च धरून भाव बोला. शेडमध्ये राहिलेली आणि लिंबाखाली राहिलेली गाडी यात फरक पडतो, लिंबाखालच्या गाडीच्या पन्हळीत पाला अडकून पाणी साचतं आणि काचेखालच्या पट्टीला गंज धरतो. मी तर काचेची खालची पट्टी पहिल्यांदा बघतो.

सारंगखेड्याला घोडा घेताना दात बघतात ना, तसे गाडीचे पण दात असतात. क्लचच्या आणि ब्रेकच्या पेडलचं रबर, किल्लीचं भोक, दरवाजाची बिजागरी, फाळक्याच्या खुंट्या. मीटर ५० हजार दाखवतो आणि ब्रेकच्या पेडलवरच्या रेघा पार घासून गुळगुळीत, असं कसं? उलट पेडलचं रबर कोरं करकरीत आणि स्टिअरिंग घासलेलं असेल तर रबर काल बदललंय. फाळक्याची खुंटी हातात धरून हलवा, ज्या गाडीचा फाळका दिवसातून चारदा उघडला-लावला तिची खुंटी बारीक होऊन ढिली होते, ते कोणी दुरुस्त करत नाही कारण कोणाच्या डोक्यातच येत नाही. टायरवर पण तारीख असते, शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, २३११ म्हणजे २०११ सालचा तेविसावा आठवडा. २००० च्या आधीच्या टायरवर तीनच आकडे असायचे, म्हणून एखाद्या गाडीची स्टेपनी तीन आकड्यांची निघाली तर मी खूश होतो, पण ती टायर वापरायची नाही बरं का, ती पुराव्यासाठी.

आता उभ्या गाडीचं. लोकांना वाटतं उभी होती म्हणजे जपलेली. नाही हो. दहा वर्षं बंद उभी असलेली गाडी आणि आठवड्याला एकदा चालू करून आवारात फिरवलेली गाडी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी आत्ताची गाडी घेतली ती चोपड्याकडच्या एका मिलवर, तिथल्या वॉचमन तात्यांना विचारलं, गाडी चालू होते का हो? तर ते म्हणाले, "दर सोमवारले चालू करस मी, नही तं बॅटरी बसी जास." त्या एका वाक्याने माझा निम्मा निर्णय झाला. शेठ काय सांगेल त्यापेक्षा तात्या काय सांगतात ते ऐका, आणि शेठ समोर नसताना ऐका.

बंद उभी गाडी घ्यायचीच असेल तर तिथल्या तिथे धक्का मारून चालू करू नका, विकणारा घाई करेल, चार पोरं पण बोलावेल, तरी नका करू. टाकीतला डिझेल काळा गाळ झालेला असतो, तो सरळ पंप-नोझलमध्ये जातो आणि त्या दुरुस्तीचा खर्च गाडीच्या भावाशी शर्यत लावतो. आधी टाकी रिकामी करून धुवायची, डिझेल फिल्टर नवा, इंजिन ऑईल नवं, मग पुली पान्याने हाताने फिरवून इंजिन मोकळं आहे का बघायचं, पाणी भरायचं, वायरिंग उंदराने खाल्लंय का ते बघायचं (सरकीच्या गोडाऊनमध्ये उंदीर नसतील तर मला कळवा) आणि मग सेल्फ मारायचा. ब्रेकवर तर अजिबात विश्वास ठेवू नका, ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढतं, व्हील सिलिंडर आतून गंजून जाम होतात, म्हणून अशी गाडी टोचन करून नाही, दुसऱ्या ट्रकवर चढवून न्या.

चालू गाडी बघायला जायचं तर सकाळी, इंजिन थंड असताना. जाण्याआधी फोनवर सांगा, मी येईपर्यंत चालू करू नका, आणि गेल्यावर बॉनेट नाहीतर सीटखालच्या इंजिनला हात लावून बघा. गरम लागलं तर का ते विचारा. थंड इंजिन हीटर दिल्यावर किती सेल्फमध्ये उचलतं ते बघा, सुरुवातीला थोडा पांढरा धूर येऊन थांबला तर चालतं, निळा येतच राहिला तर ऑईल जळतंय, दाबल्यावर काळा येत असेल तर बऱ्याचदा फिल्टर नाहीतर नोझल. मग चालू इंजिनवर ऑईलचं झाकण काढा, भक भक धूर येऊन झाकण उडायला लागलं तर बॅक कॉम्प्रेशन आहे, रिंग-पिस्टनचं काम निघणार. नंतर दुपारी परत चालवा, भर उन्हात, भरलेली नसली तरी चढावर, म्हणजे पाणी गरम होतं का ते कळेल. हो, दोन चकरा होतात, एका चकरेत गाडी घेणाऱ्याची मी पहिली गाडी घेतानाची अवस्था होते.

कागदाचं कंटाळवाणं आहे पण पैसे इथेच बुडतात. आरसीवरचा चासी नंबर आणि चासीवर ठोकलेला नंबर जुळतो का ते डोळ्याने नाही, कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेऊन बघा, ती छाप पुढे आरटीओला पण लागते. एमएच-१९ जळगाव, एमएच-१८ धुळे, एमएच-३९ नंदुरबार, पण नंदुरबार जिल्हाच १ जुलै १९९८ ला झाला, म्हणजे १९८८ च्या गाडीवर ३९ दिसलं तर ती नंतर कुठूनतरी आलेली आहे, तिचा पहिला नंबर कुठला होता आणि तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) कुठे आहे ते विचारा. दिल्लीकडून पण जुनी डिझेल गाडी स्वस्तात येते, तिकडे दहा वर्षांवरच्या जुन्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले म्हणून, त्यांची एनओसी हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका. बँकेचा बोजा चढलेला असेल तर फॉर्म ३५, ट्रान्सफरला २९ आणि ३०, बाहेरच्या आरटीओची असेल तर २८. ट्रान्सपोर्ट पासिंगची जुनी गाडी म्हणजे दर वर्षी फिटनेस, त्याची तारीख संपून किती वर्षं झाली, पर्यावरण कर किती थकलाय आणि आजच्या दराने फी किती होते हे सगळं आरटीओत जाऊन आधी विचारा आणि तो आकडा भावातून वजा करा. जुन्या गाड्यांच्या फीया वाढलेल्या आहेत, एजंटच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका.

"विंटेज आहे" असं कोणी म्हणालं तर एवढंच सांगा, सरकारच्या लेखी विंटेज म्हणजे ५० वर्षांच्या वरची आणि मूळ रूपात असलेली, तिला व्हीए नंबर मिळतो, नोंदणीची फी २० हजार, आणि ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. १९८७ ची गाडी विंटेज नाही, जुनी आहे.

भावाचं माझं गणित सरळ आहे. आरसीवर रिकामं वजन लिहिलेलं असतं, त्याला त्या दिवशीच्या भंगाराच्या भावाने गुणा, हा झाला खालचा आकडा, याच्या खाली शेठ जाणार नाही. त्यात चांगल्या इंजिनचे आणि न सडलेल्या केबिनचे पैसे मिळवा, टायर, रबर, फिटनेसचे वजा करा. केबिनला मी जास्त पैसे देतो, कारण इंजिनचे पार्ट इंदूरला, कुर्ल्याला, नाहीतर दिल्लीत मायापुरीला शोधून मिळतात, पण जुन्या दरवाजाची काच उचलायचं मशीन, हेडलाईटच्या कडेचं पॅनेल, डॅशबोर्डचं झाकण हे मिळता मिळत नाही. तुटलेला डॅशबोर्ड बघून "होऊन जाईल" म्हणणाऱ्या मित्राला बरोबर नेऊ नका. मिस्तरीला न्या, त्याची दिवसाची मजुरी आणि शेवभाजी तुमच्याकडून.

सौदा झाला की टोकनची पावती करा, त्यावर चासी नंबर, इंजिन नंबर आणि "एनओसी आणि फिटनेस कोणी करायचं" हे लिहून घ्या. आणि उठायच्या आधी मिलवाल्याला जुनी लॉगबुकं किंवा सर्व्हिसची बिलं आहेत का ते विचारा. मला गोडाऊनच्या माळ्यावर १९९४ पर्यंतची डिझेलची वही मिळाली, तारीख, लिटर, किलोमीटर, तिसऱ्या रकान्यात ड्रायव्हरची सही, आणि ती बघून पहिल्यांदा कळलं की या गाडीच्या मीटरवरचा आकडा खरा आहे.