कूलर बल्बच्या लाईनवर लावताय? या चुका टाळा

एप्रिल लागला की आपल्याकडे कूलर बाहेर निघतो, नवी ताटी बसते आणि पिन लागते ती सगळ्यांत जवळच्या बोर्डात. तो बोर्ड बहुतेक घरांत बल्ब-पंख्यांच्या लाईनवरचा असतो. तिथूनच भानगड सुरू होते.

सहा अँपिअरची एमसीबी (लोड वाढला किंवा शॉर्ट झाला की आपोआप पडून लाईन तोडणारं बटण) सारखी पडते म्हणून तिथं सोळाची बसवणं ही सगळ्यांत घातक चूक. एमसीबी भिंतीतल्या वायरला वाचवायला असते. लाईटच्या लाईनला सहसा दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असते; जुन्या घरांत त्याहून बारीक, कुठं कुठं अॅल्युमिनियमची. एमसीबी मोठी केल्यानं वायर जाड होत नाही.

किटकॅट फ्यूजचंही तेच. आमच्या जुन्या घरी एका मे महिन्यात फ्यूज दिवसातून दोनदा जायचा. मीच वैतागून केबलमधल्या तांब्याच्या चार काड्या पिळून बांधल्या. फ्यूज जाणं थांबलं. आठवड्याभरानं रात्री बोर्डामागून जळका वास आला. उघडून पाहिलं तर वायरचं प्लास्टिक वितळून लाकडी पट्टी काळी पडली होती, आणि लेकरं त्याच खोलीत झोपली होती. फ्यूजला फ्यूजचीच तार घाला, लाईनला साजेल त्याच जाडीची.

हिशेब सोपा आहे. सगळ्या वॅटची बेरीज करा आणि 230 नं भागा, अँपिअर मिळतात. सहा एलईडी बल्ब 54 वॅट, दोन ट्यूब 40, तीन पंखे 225, म्हणजे 319 वॅट. दीड अँपिअरसुद्धा नाही. त्यात 200 वॅटचा कूलर आला तर 519. लाईटच्या एका सर्किटवर दहा पॉइंट किंवा 800 वॅट, हा वायरमन लोकांचा जुना नियम. इथवर आपण त्यात बसतो. पण त्याच बोर्डावर अर्ध्या एचपीचा पाण्याचा पंप आणि हजार वॅटची इस्त्री लावली की आकडा 2,100 च्या आसपास, म्हणजे नऊ अँपिअरच्या वर जातो. ‘एलईडीनं लोड कमी झाला, आता काहीही चालतं’ असं समजणारे इथंच फसतात. दीड हजार वॅटचा पाणी तापवायचा रॉड एकटाच साडेसहा अँपिअर घेतो.

एमसीबी कधी पडते तेही पाहा. काही मिनिटं चालून पडली तर बहुधा लोड जास्त. चढवताक्षणी पडली तर कुठंतरी शॉर्ट आहे. पुन्हा पुन्हा चढवू नका. पंप सुरू होताना पडत असेल तर मोटार सुरुवातीला कितीतरी पट करंट ओढते, हे कारण असू शकतं. संध्याकाळी लाईन डिम असताना मोटार जास्तच करंट घेते आणि तापते, तेव्हा पंप लावू नका.

बिलावरचा ‘मंजूर भार’ही एकदा वाचा. तो अख्ख्या घराचा असतो. एका लाईनची क्षमता त्यावरून कळत नाही.

कूलरसाठी वायरमनकडून अडीच चौरस मिलिमीटरची स्वतंत्र लाईन, तीन पिनांचं सॉकेट आणि खरंखुरं अर्थिंग करून घ्या. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट कुठं गळाला की लगेच लाईन तोडणारं बटण) बसवाच, कारण एमसीबी माणसाला शॉकपासून वाचवत नाही. आणि कूलरमध्ये पाणी भरताना बटण बंद करून थांबू नका, पिनच काढून ठेवा.