बेसबॉलचा दिनविशेष कसा तयार करावा: तारीख, दावा आणि पडताळणी

अमेरिकेत बेसबॉलची नॅशनल लीग ही व्यावसायिक संघांची स्पर्धा २ फेब्रुवारी १८७६ रोजी स्थापन झाली. तेव्हापासून इतके सामने खेळले गेले आहेत की एप्रिल ते ऑक्टोबरमधल्या कोणत्याही तारखेला काही ना काही सापडतंच. दिनविशेष करणाऱ्याला घटना मिळायला अडचण येत नाही. अडचण येते ती घटना नेमकी कोणत्या तारखेला मांडायची आणि तिच्याबद्दल काय दावा करायचा, हे ठरवताना. बहुतेक याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात, त्यामुळे एकीतली चूक दहा ठिकाणी दिसते आणि दहा ठिकाणी दिसली म्हणून खरी वाटू लागते.

सुरुवात ३६६ ओळींच्या तक्त्याने करा. प्रत्येक नोंदीसाठी हे रकाने ठेवा: तारीख, वर्ष, मैदान आणि शहर, दोन्ही संघ, इनिंग (बेसबॉलच्या सामन्यात साधारण नऊ असतात), अंतिम स्कोअर, घटना एका वाक्यात, दाव्याची कक्षा (दावा कोणत्या लीगपुरता, कोणत्या काळापुरता) आणि तारखेबद्दलची टीप. शेवटचे दोन रकाने अनावश्यक वाटतात, पण पुढे सगळं काम त्यांच्यावरच चालतं.

आता तारीख. सामन्याच्या बातम्या दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात येत. जुन्या कात्रणावरून नोंद करणारा बऱ्याचदा अंकाची तारीखच उचलतो आणि घटना एक दिवस पुढे सरकते. म्हणून कात्रण हे वर्णनासाठी वापरा आणि तारीख बॉक्स स्कोअरवरूनच, म्हणजे सामन्यातल्या खेळाडूनिहाय आकड्यांच्या तक्त्यावरूनच, घ्या. रेट्रोशीट आणि बेसबॉल-रेफरन्स या दोन्ही संकेतस्थळांवर सामनानिहाय बॉक्स स्कोअर मोफत पाहता येतात. त्या दिवशी डबलहेडर (त्याच दोन संघांचे एका दिवशी दोन सामने) असेल तर पहिला सामना की दुसरा, हेही टिपून ठेवा. टेड विल्यम्सने १९४१चा हंगाम .४०६ सरासरीवर (हजार प्रयत्नांत ४०६ हिट; हिट म्हणजे फलंदाजाला बेसपर्यंत, धावण्याच्या टप्प्यापर्यंत, पोहोचवणारा फटका) संपवला तो २८ सप्टेंबरच्या डबलहेडरमध्ये, फिलाडेल्फियात, दोन सामने मिळून ८ पैकी ६ हिट घेऊन. फक्त एका सामन्याचा बॉक्स स्कोअर पाहिला तर हा हिशेब जुळणार नाही.

मध्यरात्र ओलांडणारे सामने हा दुसरा सापळा. १९७५च्या वर्ल्ड सिरीजचा (दोन प्रमुख लीगच्या विजेत्यांची अंतिम मालिका) सहावा सामना बोस्टनच्या फेनवे पार्कवर २१ ऑक्टोबरला सुरू झाला. कार्लटन फिस्कने १२व्या इनिंगमध्ये विजयी होम रन (षटकारासारखा, थेट मैदानाबाहेर जाणारा फटका) मारला तेव्हा बोस्टनमध्ये रात्रीचे १२:३४ झाले होते, म्हणजे २२ तारीख लागली होती. सामन्याची अधिकृत तारीख २१च आहे. नियम साधा ठेवा: नोंद सामना सुरू झाल्याच्या तारखेला, मैदानाच्या स्थानिक वेळेनुसार, आणि घटना मध्यरात्रीनंतरची असेल तर वाक्यातच तसं सांगायचं.

सर्वाधिक घोळ होतो तो अर्धवट थांबवून नंतर पूर्ण केलेल्या सामन्यांत. कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटच्या बॅटवर पाइन टार (पकडीसाठी लावायचा चिकट पदार्थ) जास्त असल्याचा वाद २४ जुलै १९८३चा. पंचांनी होम रन रद्द करून त्याला बाद दिलं, कॅन्सस सिटीची तक्रार लीगच्या अध्यक्षांनी मान्य केली आणि उरलेला सामना १८ ऑगस्टला खेळवून कॅन्सस सिटी ५-४ने जिंकली. इथे दोन नोंदी होतात: जुलैची वादाची, ऑगस्टची निकालाची. वाद आणि विजय दोन्ही जुलैत टाकणं चूक. व्यावसायिक बेसबॉलमधला सर्वांत लांबलेला सामना, पॉटकेट विरुद्ध रॉचेस्टर, तर तीन तारखांत विखुरला आहे. १८ एप्रिल १९८१ला तो सुरू झाला, १९ एप्रिलच्या पहाटे ४:०७ला ३२ इनिंगनंतर थांबला आणि २३ जूनला ३३व्या इनिंगमध्ये पॉटकेटने ३-२ने जिंकला. हा मायनर लीगचा (खालच्या दर्जाच्या लीगचा) सामना होता, हे लिहायला विसरू नका. मेजर लीगमधला (सर्वोच्च दर्जाच्या लीगमधला) २५ इनिंगचा सामना वेगळा: शिकागो व्हाइट सॉक्स विरुद्ध मिलवॉकी, ८ मे १९८४ला सुरू झालेला आणि ९ मेला संपलेला.

अशा सामन्यांची आकडेवारी मूळ तारखेलाच जमा होते, आणि त्यातून विचित्र स्थिती तयार होते. वॉशिंग्टनच्या हुआन सोटोचं पदार्पण २० मे २०१८चं. न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध १५ मेला थांबलेला सामना १८ जूनला पुढे सुरू झाला, त्यात सोटोने होम रन मारला आणि तो १५ मेच्या सामन्यात नोंदला गेला. आकडेवारीचा तक्ता तारखेनुसार लावून ‘कारकिर्दीतला पहिला होम रन’ शोधणारा इथे हमखास फसतो. तारखेच्या टिपेत दोन्ही दिवस लिहा.

मैदानाबाहेरच्या घटनांना तर अनेकदा दोन तारखा असतातच. बोस्टनने बेब रूथला यांकीजला विकल्याचा करार २६ डिसेंबर १९१९चा, पण जाहीर झाला ५ जानेवारी १९२०ला. दोन्ही ग्राह्य आहेत, फक्त ‘करार झाला’ की ‘जाहीर झालं’ हे क्रियापदात स्पष्ट हवं. रूथचा जन्मदिवसही तपासून घ्यावा लागतो. तो स्वतः ७ फेब्रुवारी १८९४ मानत असे, जन्मदाखल्यावर मात्र ६ फेब्रुवारी १८९५ आहे. यांकीजच्या लू गेरिगची सलग २१३० सामने खेळण्याची मालिका २ जून १९२५ला सुरू झाली असं सर्रास छापलं जातं, कारण त्या दिवशी वॉली पिपच्या जागी तो पहिल्या बेसवर उतरला. मोजणी मात्र १ जूनपासून होते: त्या दिवशी तो पिंच हिटर (बदली फलंदाज) म्हणून आला होता. २ जून धरली तर एक सामना कमी भरतो.

तारीख पक्की झाल्यावर दावा. ‘पहिला’ हा शब्द सगळ्यांत जास्त जपून वापरायचा. १५ एप्रिल १९४७ला एबेट्स फील्डवर जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला. ‘मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू’ असं लिहिलं की चुकलंच, कारण मोझेस फ्लीटवुड वॉकर १८८४ मध्ये टोलेडोकडून अमेरिकन असोसिएशनमध्ये खेळला होता आणि ती लीग मेजर गणली जाते. शिवाय डिसेंबर २०२०मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातल्या सात नीग्रो लीगना (वर्णभेदाच्या काळातल्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या लीग) मेजर दर्जा दिला. रॉबिन्सन १९४५मध्ये कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून त्यांपैकीच एका लीगमध्ये खेळला होता. तेव्हा ‘मेजर लीग पदार्पण’ न म्हणता ‘नॅशनल लीगमधलं पदार्पण’ आणि ‘विसाव्या शतकात तिथली वर्णभेदाची भिंत मोडली’ असं लिहा. एवढ्याने त्या दिवसाचं मोल कमी होत नाही, उलट वॉकरनंतर दारं किती वर्षं बंद राहिली ते कळतं.

दंतकथांना वेगळी वागणूक द्या. १ ऑक्टोबर १९३२ला शिकागोच्या रिग्ली फील्डवर रूथने चार्ली रूटच्या चेंडूवर होम रन मारला, हे निर्विवाद. त्याआधी त्याने मैदानाकडे बोट दाखवून तो जाहीर केला का, यावर आजही मतभेद आहेत. होम रन विधान म्हणून लिहा, इशारा वाद म्हणून. याच तारखेला १९६१मध्ये रॉजर मॅरिसने हंगामातला ६१वा होम रन मारला. त्याच्या आकड्यापुढे फुली (*, म्हणजे विक्रमाला काही अट असल्याची खूण) मारली गेली ही गोष्ट लोकप्रिय असली, तरी अधिकृत विक्रमपुस्तकात अशी फुली कधी नव्हती.

निवड कशी करायची ते १ मे या तारखेवर पाहू. वॉकरचं टोलेडोकडून अमेरिकन असोसिएशनमधलं पदार्पण १८८४च्या १ मेचं. १९२०मध्ये याच दिवशी रूथने यांकीजकडून पहिला होम रन मारला आणि बोस्टनमध्ये २६ इनिंगचा सामना झाला. १९५१मध्ये शिकागोच्या कमिस्की पार्कवर एकाच सामन्यात मिकी मँटलचा मेजर लीगमधला पहिला होम रन आणि मिनी मिन्योसोचं व्हाइट सॉक्सकडून पदार्पण. १९९१मध्ये दुपारी ओकलंडमध्ये रिकी हेंडरसनने कारकिर्दीतला ९३९वा बेस चोरून (फटक्याविना पुढच्या बेसवर धावत जाऊन) लू ब्रॉकला मागे टाकलं, तर रात्री आर्लिंग्टनमध्ये ४४ वर्षांच्या नोलन रायनने सातवा नो-हिटर (प्रतिस्पर्ध्याला एकही हिट न देता पूर्ण केलेला सामना) टाकला. सगळं घेतलं तर वाचक थकेल. वॉकर, २६ इनिंग, मिन्योसो आणि १९९१ची जोडी एवढं पुरे. रूथ आणि मँटल यांच्या होम रनना इतर तारखा भरपूर आहेत. होम रन सहज सापडतात म्हणून यादी त्यांनीच भरून जाते, तिथे हात आखडता घ्या.

नोंद २५ ते ४० शब्दांत बसवा. नमुना असा: ‘१ मे १९२०: बोस्टनच्या ब्रेव्हज फील्डवर ब्रुकलिन आणि बोस्टन यांचा सामना २६ इनिंगनंतर अंधारामुळे १-१ बरोबरीत थांबला. ब्रुकलिनचा लिऑन कॅडोर आणि बोस्टनचा जो ओश्गर, दोघांनीही पहिल्यापासून शेवटपर्यंत पिचिंग केलं.’ विशेषणाची गरजच पडत नाही.

हिवाळ्यातल्या रिकाम्या तारखा जन्म-मृत्यूंनी भरण्याआधी करार, निवाडे आणि संघटनात्मक निर्णय शोधा. २३ डिसेंबर १९७५ला लवाद पीटर साइट्झने दिलेल्या निर्णयाने खेळाडूंना मुक्त करार करण्याची वाट उघडली. खेळावर त्याचा परिणाम कुठल्याही होम रनपेक्षा मोठा आहे. ३१ डिसेंबर १९७२ला रॉबर्टो क्लेमेंटे निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत नेताना विमान अपघातात गेला. ही नोंद ३० सप्टेंबरच्या त्याच्या ३०००व्या हिटशी जोडून ठेवा. २९ फेब्रुवारीला जन्मदिवसांचा आधार घ्यावा लागतो: पेपर मार्टिन १९०४, अल रोझेन १९२४.

शेवटचं काम दर हंगामानंतर करायचं. ‘आजवरचा’, ‘अजूनही अबाधित’ असे शब्द शोधून काढा आणि त्यांच्या जागी ‘त्या वेळपर्यंतचा’ लिहा. मॅरिसचा ६१चा आकडा अमेरिकन लीगचा (नॅशनल लीगबरोबरची दुसरी मेजर लीग) विक्रम होता तो ४ ऑक्टोबर २०२२पर्यंत, त्या दिवशी आरन जजने ६२वा मारला. २०२४मध्ये नीग्रो लीगची आकडेवारी अधिकृत नोंदींत मिसळली आणि कारकिर्दीतल्या सरासरीत टाय कॉबच्या वर जॉश गिब्सन आला, .३७२ने. कॉबवरची प्रत्येक जुनी नोंद त्यामुळे पुन्हा वाचून दुरुस्त करावी लागते.