नाटकावरून सिनेमा करताय? या चुका टाळा, आणि ड्रोन घरी ठेवा

बडोद्यात दर सुट्टीत कोणीतरी नाटकावरून शॉर्ट फिल्म काढतंच, आणि नाटक पण नेमकं घर फुटण्याचंच निवडतात. बाप दारुडा, आई गप्प, वाडा विकायचा की नाही यावरून भावाभावांत जुंपलेली. निवडीबद्दल माझी तक्रार नाही. चार माणसं, एक घर, खर्च कमी, आणि दांडिया बाजार-रावपुऱ्यात कोणाच्या ना कोणाच्या आजीचं जुनं घर मिळतंच. शूटिंग उरकलं की मंडळी हार्ड डिस्क घेऊन माझ्याकडे येतात, कारण लग्नाचे व्हिडिओ कापून माझं पोट चालतं आणि ही असली कामं मी आवड म्हणून स्वस्तात करते हे सगळ्यांना माहितीये. "ताई, फक्त जोडायचंय." फक्त जोडायचं कधीच नसतं. चुका त्याच, नुसती नटमंडळी बदलतात, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते.

सगळ्यात लाडकी चूक म्हणजे माणसांना घराबाहेर काढणं

"नाटकात सगळं एका खोलीत होतं ना, सिनेमात जरा मोकळं करू." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. अरे बाबा, त्या खोलीतून कोणाला बाहेर पडता येत नाही हेच तर त्या नाटकातलं दुखणं आहे. मुलगा बापाशी भांडून सुरसागर तळ्याच्या पाळीवर जाऊन निवांत वारा खात बसला, तर बघणारा विचारणारच, की मग हा परत येतो कशाला?

'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' घ्या. टेनेसी विल्यम्सचं 1947 चं नाटक, एलिया कझानने ब्रॉडवेवर बसवलेलं, आणि 1951 चा सिनेमाही त्याचाच. त्याने पण आधी हाच घोळ घातला होता, नायिका ब्लांशचं बहिणीकडे येण्याआधीचं आयुष्य, तिचं गाव वगैरे दाखवणारी मोकळीढाकळी पटकथा करून घेतली. मग वाचून बघितली तर त्यातला ताणच निघून गेलेला. ती दिली टाकून आणि परत नाटकाच्या संहितेकडे आला. वर काय केलं, तर सिनेमा पुढे सरकतो तसतशा सेटच्या भिंती आत आत घेतल्या, म्हणजे ब्लांशभोवती घर खरोखरच लहान होत जातं. याला म्हणतात सिनेमा करणं. आपली पोरं मात्र उलट करतात, पहिलाच शॉट ड्रोन, वाड्याच्या कौलांवरून.

आता आमच्याकडची गोष्ट सांगते, नाव कोणाचंच घेत नाही. एका ग्रुपने 'एकच प्याला' करायला घेतलं. मला आनंदच झाला, गडकऱ्यांचं हे नाटक 1919 साली गंधर्व नाटक मंडळीने पहिल्यांदा रंगमंचावर आणलं ते आमच्या बडोद्यातच, बालगंधर्व सिंधू. आणि यांनी ते आजच्या बडोद्यात आणायचं ठरवलं, हीही कल्पना छान. सुधाकर वकील, त्याची सनद जाते, तळीराम पहिला प्याला पुढे करतो, सगळं जागच्या जागी. मग मी फुटेज लावते तर काय, सुधाकर अलकापुरीतल्या एका बारमध्ये बसलाय, मागे निळे दिवे, वेटर, काउंटरवर बाटल्यांची रांग! कोणा मित्राचा कॅफे मागून, अख्खी रात्र जागून शूट केलेलं. मी म्हटलं, अरे, गुजरात राज्य झालं तेव्हापासून इथे दारूबंदी आहे, 1960 पासून, आणि तुझा वकील मुख्य रस्त्यावर बसून पितोय? तर दिग्दर्शक म्हणतो, "ताई, गिफ्ट सिटीत मिळते आता." मग सुधाकर रोज संध्याकाळी गांधीनगरला जातो का?

गाव आणि काळ बदललात की त्याच्यामागून आणखी काय काय बदलतं याचा विचार कोणी करत नाही. नाटकात आर्यमदिरामंडळ, म्हणजे दारुड्यांचं मंडळ, उघड भरतं आणि त्याची टिंगलही उघड होते, आजच्या बडोद्यात ते चालणारच नाही. पण गंमत अशी की हाच कायदा या पोरांच्या कामी येत होता आणि त्यांना ते दिसलंच नाही! इथे प्यायची तर दार लावून प्यावी लागते, म्हणजे दारू घरातच येणार, बायकोच्या नाकासमोर, शेजारच्या भाभीला पत्ता लागू न देता. बार कापून टाकायला सांगितला. खूप कुरकुर झाली, "ताई, पण लाइटिंग बघा ना किती भारी झालंय." लाइटिंग भारी होतंच, तरी कापला.

त्याच्या जागी जे शूट केलं ते सगळं स्वयंपाकघरातून. बाहेर ॲक्टिव्हाची डिकी बंद झाल्याचा आवाज, तळीराम फाइल द्यायच्या निमित्ताने येतो, बाटली फाइलींच्या पिशवीत. सुधाकर काचेच्या ग्लासात पीतच नाही, स्टीलच्या पेल्यात घेतो, आत काय आहे दिसत नाही म्हणून. रात्री त्याची बायको सिंधू मोरीत भांडी घासताना एक पेला उचलते, नाकाशी नेते, थांबते, आणि इतर पेल्यांसारखाच घासून पालथा घालते. बस. डायलॉग नाही. तिथे दिग्दर्शकाला सारंगी हवी होती, मी नाही म्हटलं, नळाचा आवाज पुरे आहे.

शेवट बाहेर नेण्याचा मोह तर मोठमोठ्यांना होतो. 'ऑगस्ट: ओसेज काउंटी'चं नाटक संपतं ते त्या घरातच, सगळे सोडून गेलेत आणि म्हातारी जिना चढून मोलकरणीपर्यंत पोचते. 2013 च्या सिनेमात त्यानंतर थोरली मुलगी गाडी चालवत मोकळ्या रस्त्यावर निघालेली दाखवलीय. मेरिल स्ट्रीप, ज्युलिया रॉबर्ट्स, सगळं मान्य, पण मला तो रस्ता बघून वाटतं की मघापासून छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी फुकटात उचलून घेतला.

मग अजिबातच बाहेर जायचं नाही का? जा की. घरातून काय बरोबर घेऊन निघालात तेवढं बघा. 'हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ'मध्ये माइक निकोल्सने 1966 साली चौघांना मधेच रस्त्याकडेच्या हॉटेलात नेलंय, पण भांडण त्यांच्या मागोमाग तिथेही जातं, कोणालाच सुटका मिळत नाही. तरी तो भाग मला जरा उपराच वाटतो, माझं मत.

दुसरी चूक, बोलतोय त्याच्यावरच कॅमेरा

ही चूक एडिट टेबलवर माझा जीव खाते. जेवणाच्या ताटांवरचं भांडण, सहा माणसं, आणि फुटेजमध्ये जो बोलतो त्याचाच क्लोजअप. आत्या बोलली, आत्याचा. दादा बोलला, दादाचा. कापलं की टेबल टेनिस बघितल्यासारखं होतं. आणि मी विचारते, बाप घर विकल्याचं सांगतो तेव्हा आई काय करते? "ती फ्रेममध्ये नव्हती ताई." अहो, मग सिनेमा कशाला केलात? नाटकात आपण आपल्या डोळ्यांनी आईकडे बघू शकतो, दहाव्या रांगेतून का होईना. सिनेमात तो हक्क तुम्ही काढून घेतलाय, तर निदान योग्य माणूस तरी दाखवा.

यूजीन ओनीलच्या 'लाँग डेज जर्नी इंटू नाइट'मध्ये शेवटी आई बोलत राहते, नवरा आणि दोन मुलगे नुसते बसून ऐकतात. एक दिवस, एक घर, चार माणसं. सिडनी लुमेटच्या 1962 च्या सिनेमातल्या चौघांनाही कान चित्रपट महोत्सवात अभिनयाचं बक्षीस मिळालं, आणि त्यात गप्प बसण्याचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. जमलं तर हा सिनेमा बघा, पण नाटक वाचून मग.

यावर माझी स्वतःची सवय सांगते, शास्त्र वगैरे काही नाही. अख्खा प्रवेश एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त ऐकणाऱ्यावर शूट करायचा, मधे कट म्हणायचं नाही. ज्याला त्या प्रवेशात सगळ्यात कमी वाक्यं आहेत त्याच्यापासून सुरू करा. वेळ जातो, बोलणारे नट कंटाळतात, कंटाळू देत. नंतर टेबलवर मी आवाज बंद करून बघते, आणि कोणाला लागलंय ते नुसतं चेहऱ्यावरून कळलं नाही तर शॉट कमी पडलाय असं समजते. नुकताच कॅमेरा घेतलेल्यांना हे अजिबात आवडत नाही, त्यांना तीन सेकंदाला कट हवा असतो, रीलची सवय. तीन सेकंदात माणूस दुखावला जातो, पण ते लपवायला त्याला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि बघण्यासारखं ते लपवणंच असतं.

स्वगतांचं पण असंच. 'नटसम्राट' 1970 पासून रंगमंचावर आहे, डॉ. लागूंनी बेलवलकर उभे केले ते थेट प्रेक्षागृहाशी बोलत. सिनेमात समोर प्रेक्षागृह नाही, मग माणूस बोलतोय कोणाशी? 2016 च्या सिनेमात विक्रम गोखल्यांचा रामभाऊ समोर असतो तेव्हा नाना पाटेकरांचं बोलणं मला जास्त खरं वाटतं, कारण ऐकणाराही त्याच धंद्यातला, तोलामोलाचा. स्वगत कापू नका, त्याला ऐकणारा शोधून द्या. आणि 'चारचौघी' नाटकात बायको फोनवर नवऱ्याशी बोलते तसा प्रवेश असेल तर पलीकडचा नवरा दाखवायचा मोह आवरा, प्लीज.

जो दिसू नये त्याला दाखवणं, ही वेगळी चूकच आहे खरं तर. लोर्काच्या 'हाउस ऑफ बर्नार्डा आल्बा'मध्ये ज्या पेपेपायी आईने घरात कोंडलेल्या बहिणी एकमेकींवर उठतात तो रंगमंचावर एकदाही येत नाही. गोविंद निहलानींनी यावरून 'रुक्मावती की हवेली' केला, गोष्ट राजस्थानात नेली, आणि ती तिथे फिट बसते कारण हवेलीचं दार लावणं तिथल्या लोकांना शिकवावं लागत नाही. आमच्या एका पोराने पेपेला जिममध्ये डंबेल उचलताना दाखवला होता. कापला.

रंगमंचाची युक्ती जशीच्या तशी उचलू नका. 'आधे अधूरे'त एकच नट नवरा आणि बायकोच्या आयुष्यात आलेले बाकीचे पुरुष करतो, नाटकात त्याचा अर्थ लगेच पोचतो. कॅमेऱ्यासमोर नुसती मिशी बदलून आलात तर लोक हसतील. झेपत असेल तर करा, पण दाढीमिशीच्या जिवावर नको.

आवाज शेवटच्या रांगेसाठी लावू नका, माइक कॉलरला आहे.

पंखा बंद, फ्रिज बंद, आणि प्रत्येक खोलीची नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करून आणा, नाहीतर जोडताना प्रत्येक कटला भोक पडतं. नवरात्रात आणि उत्तरायणच्या आठवड्यात शूट ठेवूच नका, कोणाच्या गच्चीवरचा स्पीकर माझ्याने निघत नाही. आणि बाहेरच्या खोलीतून येणाऱ्या आवाजांची वेगळी यादी करा, जिना, कडी, खोकला. ओनीलच्या त्याच नाटकात वर फिरणाऱ्या आईची नुसती चाहूल खाली बसलेल्या पुरुषांना गप्प करते. फुकटातली गोष्ट आहे, पण कोणी रेकॉर्ड करून आणत नाही.

परवानगीचं सगळ्यांना शेवटी आठवतं, फेस्टिव्हलचा फॉर्म भरताना. "आम्ही पैसे कुठे कमावतोय" हे उत्तर चालत नाही. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर साठ वर्षं हक्क राहतो. गडकरी 1919 साली गेले, ते नाटक मोकळं आहे. तेंडुलकर 2008 साली गेले, शिरवाडकर 1999 साली, म्हणजे वारसांकडे जायचं, लेखी घ्यायचं, शूटच्या आधी. परदेशी नाटक जुनं म्हणून मोकळं असेल, पण तुम्ही वापरताय तो मराठी अनुवाद कोणाचा आहे? त्याचा हक्क वेगळा. 'एकच प्याला'ची पदं बहुतेक वि. सी. गुर्जरांची, त्यांचा हिशोब वेगळा लावा, आणि कोणाचं जुनं रेकॉर्डिंग नेटवरून उचलून टाकलंत तर त्याचा आणखी वेगळा. वाड्याच्या मालकाचं पत्र पण घ्या, सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या असलेलं. नाहीतर एका काकांनी हो म्हटलं म्हणून शूट सुरू करता आणि दुपारी दुसरे काका येऊन मेन स्विच बंद करतात.