पवनी पायी फिरायची तर खाण्याच्या वेळा सांभाळा

पवनीचं नाव निघालं की नागपूरकरांना आधी उमरेड-पवनी-कऱ्हांडलाचा वाघ आठवतो. जिप्सीत बसायचं, जंगल फिरायचं, परत यायचं. गाव राहूनच जातं. वैनगंगेकाठचं हे भंडारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव पायी आरामात फिरून होतं. फक्त नकाशापेक्षा खाण्याच्या वेळांकडे जास्त लक्ष ठेवायचं. पोह्यांवरच्या तर्रीचं, म्हणजे झणझणीत रश्शाचं, पातेलं रिकामं झालं की मग कितीही विनवा.

दिवाळी ते होळी हा काळ बरा. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे झुकतो, तेव्हा हा विचारच नको. सकाळची एसटी धरा आणि उतरल्याबरोबर परतीची शेवटची गाडी विचारून घ्या. आठवडी बाजार कोणत्या दिवशी भरतो, हे मात्र निघायच्या आधीच ठाऊक हवं.

पहिला मुक्काम पोह्याच्या टपरीवर. पाटी बघू नका, गर्दी बघा. पोह्यांवर हरभऱ्याची तर्री, कच्चा कांदा, लिंबू. तिखटाची सवय नसेल तर "भाऊ, तर्री वेगळी द्या" म्हणा, कोणी हसणार नाही. दोघांत एकच प्लेट घ्या, कारण तिथेच आलूबोंडाही तळला जात असतो.

आता चाला. जुन्या पवनीला तीन बाजूंनी तट आणि खंदक, चौथीकडे नदी. त्यामुळे चुकायची भीती नाही: तटाच्या कडेने फिरा, मग कोणतीही गल्ली धरून नदीकडे उतरा. देवळं इतकी आहेत की सगळी बघायचा हट्ट धरू नये. पंचमुखी गणपती मात्र चुकवू नका. घाटावर जपून, वरच्या अंगाच्या गोसेखुर्द धरणातून पाणी सोडलं की नदी चढते आणि खालच्या पायऱ्या निसरड्या असतात. जगन्नाथ टेकडीला 1969-70 मध्ये उत्खनन झालं आणि मोठा बौद्ध स्तूप सापडला. टेकडीवर चढलात तर आपण कशावर उभे आहोत, ते माहीत असलेलं बरं.

गल्लीत "कोणाकडे आले जी?" हा प्रश्न येणारच. तो हटकण्याचा नाही, ओळख काढण्याचा असतो. "गाव पाहाले आलो, काकाजी" एवढं सांगितलं की पुढचा रस्ता तेच दाखवतात. अंगणातल्या बायामाणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

दुपारी सावजी जेवण, म्हणजे झणझणीत मसाल्याचा रस्सा. ही मुळात हलबा कोष्टी विणकरांच्या घरची चव आणि पवनी जुनं विणकरांचं गाव, तेव्हा इथे ती खाण्यात औचित्य आहे. मटण नको असेल तर पाटवडी रस्सा घ्या. मला विचाराल तर रश्शाबरोबर पोळीपेक्षा भातच. हा धानाचा मुलूख आहे. आधी हाफ प्लेट मागवा, जीभ काय म्हणते ते बघा आणि मग पुढचं ठरवा.

ऊन उतरलं की बाजार. भज्यांच्या कढईपाशी थांबाच, पण आधी भाजीवाल्या मावश्यांच्या ओळीतून एक फेरी मारा. हंगामात उकडलेले शिंगाडे मिळतात, हिवाळ्यात पोपटीच्या शेंगा आणि लाखोरीची भाजी. सांबार मागितला तर कोथिंबीर हातात येईल. भाजी कशी करायची ते विकणारीलाच विचारा. फोडणीत काय घालायचं इथपासून सगळं सांगते. सुटे पैसे आणि कापडी पिशवी जवळ ठेवा. सुकट घेतलीत तर ती वेगळ्या पिशवीत बांधून घ्या, नाहीतर एसटीत शेजारचा माणूस जागा बदलेल.