फिटनेस बँड आणि चालण्याचा ग्रुप: या चुका टाळा

नवा फिटनेस बँड हातात आला की पहिले काही आठवडे रात्रीच्या जेवणानंतरची शतपावलीही चुकत नाही. पुढे एक दिवस चार्जिंगसाठी काढलेला बँड पुन्हा मनगटावर चढत नाही, आणि मग तो कपाटातच राहतो. अशा वेळी दोष बहुधा यंत्राचा नसतो. लक्ष्य चुकीचे ठेवलेले असते आणि सोबतही चुकीच्या पद्धतीने जमवलेली असते.

दहा हजार पावलांचा हट्ट ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. हा आकडा १९६५ साली जपानमधील यामासा कंपनीने बाजारात आणलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्रामुळे रूढ झाला. तो कोणत्याही वैद्यकीय संशोधनातून आलेला नव्हता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील वयस्कर महिलांच्या एका मोठ्या अभ्यासात दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० पावले चालणाऱ्यांमधला मृत्युदर बराच कमी आढळला, आणि साधारण ७,५०० पावलांच्या पुढे त्यात आणखी फरक पडताना दिसला नाही. म्हणून पहिला आठवडा रोजच्या दिनक्रमात काहीही न बदलता बँड नुसता वापरावा, येणारी सरासरी लिहून ठेवावी आणि तिच्यात हजार-दीड हजार पावलांची भर घालून तेच स्वतःचे लक्ष्य मानावे.

त्याहून मोठी चूक सोबतीच्या बाबतीत होते. सोसायटीच्या किंवा कार्यालयाच्या दीड-दोनशे जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज रात्री पावलांचे स्क्रीनशॉट पडतात, तेच चार-पाच जण दररोज वर असतात, आणि तीन हजारांवरून पाच हजारांवर पोहोचलेल्या माणसाची खरी प्रगती कोणाच्या नजरेसही पडत नाही. तो आधी आकडा टाकणे बंद करतो, मग चालणेही. माझ्या मते अशा ग्रुपमुळे मुळात चालणाऱ्यांचाच उत्साह वाढतो. ज्यांना खरी गरज असते ते मात्र गळून पडतात.

स्पर्धा वाईट असते, असा याचा अर्थ नव्हे. डेलॉइट या कंपनीतील ६०२ जादा वजनाच्या अमेरिकी कर्मचाऱ्यांवर केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आधार, सहकार्य आणि स्पर्धा अशा तिन्ही पद्धती तपासण्यात आल्या. तिन्हींमुळे चालणे वाढले. पण २४ आठवड्यांचा कार्यक्रम संपल्यानंतरच्या १२ आठवड्यांतही लक्षणीय वाढ टिकली ती फक्त स्पर्धेच्या गटात. मात्र तिथे स्पर्धा तिघा-तिघांच्या लहान गटांत होती, आणि प्रत्येकाचे लक्ष्य त्याच्या स्वतःच्या मूळ सरासरीवरून ठरलेले होते. आठवड्याच्या सुरुवातीलाच प्रत्येकाला ७० गुण मिळत आणि लक्ष्य चुकलेल्या प्रत्येक दिवसासाठी त्यांतले १० वजा होत. आपल्याकडेही हे सहज करता येईल: तीन-चार जणांचा ग्रुप करावा, एकूण पावलांऐवजी आपापले लक्ष्य किती दिवस गाठले एवढेच मोजावे, आणि हिशेब रोज न मांडता आठवड्यातून एकदा मांडावा.

सोबती निवडताना आपल्यापेक्षा फार पुढे असलेला माणूसच प्रेरणा देईल, असे धरून चालू नये. सुमारे ११ लाख धावपटूंच्या नोंदींवरून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उलटेच दिसले होते. कमी धावणाऱ्यांचा प्रभाव जास्त धावणाऱ्यांवर पडत होता, जास्त धावणाऱ्यांचा कमी धावणाऱ्यांवर मात्र पडत नव्हता. शिवाय पुरुषांवर स्त्री-पुरुष दोघांचाही परिणाम होत होता, तर स्त्रियांवर प्रामुख्याने इतर स्त्रियांचाच. त्यामुळे घरातील स्त्रीने चालायला लागावे अशी इच्छा असेल, तर नवऱ्याचे आकडे तिला रोज ऐकवण्यापेक्षा शेजारच्या मैत्रिणीबरोबर तिची वेळ जुळवून देणे अधिक उपयोगी पडेल.

आकडेच विचित्र येत असतील तर कारण बहुधा साधे असते. बँड मनगटाची हालचाल मोजतो, त्यामुळे पोळ्या लाटताना किंवा खड्ड्यांतून दुचाकी नेताना न चाललेली पावले जमा होऊ शकतात. उलट बाबागाडी ढकलताना हात स्थिर राहिल्याने चाललेली पावलेही सुटतात. ॲपमध्ये बँड डाव्या हाताला आहे की उजव्या, हे बरोबर निवडलेले असावे. व्यायामाच्या वेळी पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर आणि नीट बसलेला असावा, नाहीतर हृदयाच्या ठोक्यांची नोंद चुकते. फोनमधील बॅटरी बचतीची सोय ॲपला मागे बंद पाडत असेल, तर त्या ॲपपुरती ती काढून टाकावी.

जळालेल्या कॅलरींच्या आकड्यावर मात्र कधीच विसंबू नये. स्टॅनफर्ड विद्यापीठात सात उपकरणांची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. त्यांतल्या सहांनी हृदयाचे ठोके बऱ्यापैकी अचूक मोजले, पण कॅलरींच्या बाबतीत सर्वांत चांगले उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होते. म्हणून ‘तीनशे कॅलरी जळाल्या’ असे वाचून त्या भरवशावर जास्तीचा वडापाव खाऊ नये.

ताप, मासिक पाळीचा त्रास किंवा गुडघेदुखी असताना केवळ ओळीने चाललेल्या दिवसांची साखळी तुटू नये म्हणून चालणे चुकीचे आहे. ग्रुप सुरू करतानाच महिन्यातले काही दिवस विश्रांतीचे म्हणून गुण न कापता सोडायचे, असा नियम सर्वांनी मिळून ठरवून घ्यावा, आणि त्या दिवशी कोणी कारण विचारू नये.