बंदर ते बंदर एका दिवसात, शिडाच्या यॉटने: या चुका टाळा

किनाऱ्याकिनाऱ्याने दिवसभराचा प्रवास फसतो तो बहुतेक वेळा निघायची वेळ ठरवतानाच. 'उजाडलं की निघू' हे काही नियोजन नव्हे. हिशोब शेवटाकडून करा. पोहोचायच्या बंदराच्या तोंडाशी आपल्या यॉटला पुरेल इतकं पाणी कधी असेल आणि उजेड कधीपर्यंत टिकेल, हे आधी बघा. मग तिथून मागे मोजत या.

मोजताना प्रवाह विसरू नका. अंतर २५ सागरी मैल आणि वेग ५ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), म्हणजे पाच तास, असं आपण पटकन म्हणतो. समोरून सतत २ नॉटचा प्रवाह असेल तर आठ तासांहून जास्त लागतात. तोच मागून असेल तर साडेतीन तासांत पोहोचता. वारा समोरून असेल तर टॅक करत, म्हणजे नागमोडी वळणं घेत जावं लागतं आणि अंतर बरंच वाढतं. वारा आणि प्रवाह एकमेकांच्या विरुद्ध दिशेने असतील तर लाटा आखूड आणि उभ्या होतात, भूशिरांपाशी तर फारच. अशा वेळी तासभर उशिरा निघणं केव्हाही चांगलं.

भरतीचं पाणी सारख्या वेगाने चढत नाही, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही. ढोबळ नियम बारा हिश्श्यांचा: सहा तासांत दर तासाला अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ हिस्से. एकूण चढ ३.६ मीटर असेल, तर पहिल्या तासात जेमतेम ३० सेंटिमीटर पाणी वाढतं आणि तिसऱ्या तासात ९०. 'भरती लागली, आता आत शिरू' म्हणणारे उथळ तोंडावर रुततात ते इथेच. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांतला फरक मोठा असतो, म्हणून त्या दिवसाचा तक्ता बघा, कालचा नको.

रीफ उशिरा घेण्याची, म्हणजे शीड आखडून लहान करायला उशीर करण्याची चूक सगळ्यात फसवी, कारण वारा पाठीशी असताना तो कळतच नाही. १८ नॉटचा वारा मागून आणि यॉट ६ नॉटने चाललेली असेल, तर कॉकपिटमध्ये फक्त १२ नॉट जाणवतो. सगळे खुशीत असतात. मग बंदराकडे वळून वाऱ्यावर चढायला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला जायला लागलात की तोच वारा २२ नॉटच्या आसपास अंगावर येतो, यॉट कलंडते आणि शीड कमी करायला माणसाला डेकवर जावं लागतं. वळण्याआधीच रीफ घ्या. लाइफ जॅकेटही तेव्हाच नव्हे, बंदर सोडतानाच घाला.

प्लॉटरवर (इलेक्ट्रॉनिक सागरी नकाशावर) आखलेली प्रवासाची रेघ पूर्ण झूम करून एकदा शेवटपर्यंत तपासा. लांबून बघताना काही खडक स्क्रीनवर दिसतच नाहीत.

इंजिन नेमकं बंदराच्या तोंडाशी बंद पडतं, त्यालाही कारण आहे. दिवसभराच्या हेलकाव्यांनी इंधनाच्या टाकीच्या तळाचा गाळ ढवळून फिल्टरमध्ये अडकतो. म्हणून बाहेर मोकळ्या पाण्यात असतानाच इंजिन सुरू करून पाहा आणि एक्झॉस्टमधून इंजिन थंड करणारं पाणी पडतंय का तेही बघा. पडत नसेल तर लगेच इंजिन बंद करा. आधी सीकॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा वॉल्व्ह) उघडा आहे का पाहा, मग तो बंद करून गाळणीतलं शेवाळ काढा, आणि त्यानंतर इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं फिरतं चक्र) तपासा. हे करताना शीड उभंच असू द्या. फेंडर (यॉट धक्क्याला आपटू नये म्हणून बाजूला टांगायच्या गाद्या) आणि दोर आधीच लावून ठेवा, आणि धक्क्याला यॉट बांधून होईपर्यंत नांगर सोडता येईल असा तयार ठेवा.